हरदासांचं पोट

हरदासांच्या घरात पोटाबद्दल जितक्या कौतुकानं बोललं जाई, तितकं दुसऱ्या घरांत नाकाडोळ्यांबद्दलही कुणी बोलत नसेल. आजेसासरे छप्पन साली सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले, ते जरीची टोपी, भिवापुरी मिरची आणि हे पोट घेऊन, असं घरात सांगत. सासरे होते तोवर जेवण झालं की बरगड्यांखाली हात दाबून बसत आणि म्हणत, "हरदासांचं पोट हे. जळायचंच." स्वयंपाकघराच्या फळीवर ओवा आणि काळ्या मिठाची पितळी डबी असे, तिच्या शेजारी गुलाबी औषधाची बाटली. पोर पोट धरून रडलं की चिमूटभर ओवा तोंडात पडायचा आणि सासूबाई हसून म्हणायच्या, "झालीस गं खरी हरदास!"

लग्न होऊन नेहरू नगरच्या या घरात आली तेव्हा नलिनीही हसली होती. पुढं तिला हसू येईनासं झालं.

स्वरदाचं पोट दुखायला लागलं तेव्हा ती बारा वर्षांची होती. सकाळी दुखायचं, उपाशीपोटी जास्त दुखायचं, जेवायला बसलं की दोन घासांत पोट भरायचं. "परीक्षा आली की बरं दुखतं हिचं पोट," सासूबाई म्हणायच्या. "मोबाईल बघत जेवते ना, म्हणून," जितेंद्र म्हणायचा. शाळेतल्या बाईंनी तर वर्गासमोर सांगितलं, "स्वरदा को एक्टिंग का प्राइज़ मिलना चाहिए." पोरगी घरी आली. ताटावर बसली आणि उठून गेली.

गेल्या वर्षी न्यू मार्केटजवळच्या एका डॉक्टरांकडे सगळे गेले होते. डॉक्टर भले होते, पोट दाबून बघितलं, प्रश्न विचारले. त्यातला एक होता, "फॅमिली में किसी को पेट का कैंसर?" सासूबाई ताडकन म्हणाल्या, "ना ना, डॉक्टर साहब! बड़े बेटे को अल्सर था, बस." जितेंद्र तेव्हा भिंतीवरचं यकृताचं चित्र बघत होता. इतकं निरखून बघत होता, की नलिनीला वाटलं, याला यकृतात एवढा रस कधीपासून? डॉक्टरांनी मान हलवली, ॲसिडिटीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "बच्ची है, ठीक हो जाएगी."

त्या गोळ्यांवर आणि ओव्यावर वर्ष गेलं. मग एका सकाळी शाळेत प्रार्थनेला उभी असताना स्वरदा कोसळली. रक्त तपासलं तर अंगात रक्तच नाही. लोहाच्या गोळ्या घेऊनही ते वाढेना. शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टर सक्सेना यांनी, त्या मुलांच्याच पोटाच्या डॉक्टर, घशातून नळी घालून पोट आतून बघितलं, चार-सहा ठिकाणचे तुकडे काढून तपासायला पाठवले. अहवाल आला त्या दिवशी जितेंद्र मंडीदीपला कारखान्यात होता. नलिनी एकटीच गेली.

डॉक्टरीणबाई सावकाश बोलल्या. पोटात एक जंतू आहे. तो बहुतेकांना लहानपणी घरातच लागतो, एकमेकांच्या तोंडचं खाऊन, पाण्यातून, कसा ते नेमकं सांगता येत नाही, आणि त्यात कुणाचा दोष नसतो. आपल्याकडे तो असंख्य लोकांच्या पोटात असतो आणि पुष्कळांना त्याचं काहीच होत नाही. पण स्वरदाच्या पोटाच्या अस्तरात थोडा बदल दिसतोय. पेशींनी रूप बदललंय. या वयात असं क्वचित दिसतं.

"यह कैंसर नहीं है," त्या म्हणाल्या. "लेकिन जिस रास्ते से कैंसर आता है, यह उस रास्ते पर है. रास्ता लंबा है, नलिनीजी. जंतू गेला तर बहुतेक वेळा पुढचा प्रवास थांबतो. आपण थांबवू." त्यांना थोडं मराठी येत होतं. मग त्यांनी तोच प्रश्न विचारला.

"नाही," नलिनी म्हणाली. "जेठजी को अल्सर था. उसी में गए."

"कितनी उम्र?"

"बयालीस."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अल्सर से, बयालीस में? घर में एक बार फिर पूछिए."

बाहेर जिन्यावर बसून नलिनीनं नागपूरला फोन लावला. रजनी, तिची मोठी जाऊ, मनोहर भाऊजी गेल्यापासून माहेरीच राहत होती. भाऊजी गेले तेव्हा नलिनी स्वरदाच्या बाळंतपणाला माहेरी अमरावतीला होती, आणि तिला कळलं ते घरच्यांनी सांगितलं तेवढंच.

"रजनीताई, भाऊजींना काय झालं होतं?"

"तुला माहीत नाही?" रजनी म्हणाली. "मला वाटलं जितेंद्रनं तरी सांगितलं असेल. कॅन्सर होता गं. पोटाचा. तेही तुमच्याकडे ओवाच खात होते दहा वर्षं."

नलिनी जिन्यावरून उठली. सासूबाईंनी खोटं सांगितलं होतं, ते एक. पण आज ते खोटं डॉक्टरांसमोर तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, तेही खरं समजून, पोरीच्या जिवाचा प्रश्न असताना! त्यांनी तिच्या तोंडाचा वापर केला होता. ती तशीच परत आत गेली, रांगेतल्या लोकांनी कुरकुर केली तरी थांबली नाही, आणि डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, "मग मुलीच्या बाबांनाही बघायला हवं. आजींनाही."

संध्याकाळी कंपनीच्या बसनं उतरून जितेंद्र घरी आला, तेव्हा चहा झालेला नव्हता. सासूबाई दहीभात कालवत होत्या. लहानपणापासून स्वरदाचं जेवण त्यांच्या हातच्या शेवटच्या घासानं संपत असे.

"भाऊजींना कॅन्सर होता," नलिनी म्हणाली.

सासूबाईंचा हात भातात थांबला. "हळू बोल. पोर आत आहे."

"तेरा वर्षं हळूच बोलतंय हे घर."

"अगं, सोनलचं लग्न ठरायचं होतं तेव्हा!" सोनल म्हणजे मनोहर भाऊजींची मुलगी. "बापाला असलं काही होतं म्हटल्यावर कोण करणार होतं तिला? महाराष्ट्र मंडळातल्या बायका पत्रिका बघायच्या आधी घरातली दुखणी विचारतात. एकदा अल्सर म्हटलं, मग अल्सरच म्हणायला लागतं. आणि उद्या हिचंही लग्न व्हायचंय."

"हिचं लग्न? आधी हिचं पोट राहू द्या जागेवर!"

"नलिनी, तोंड सांभाळ," जितेंद्र म्हणाला.

ती त्याच्याकडे वळली. त्याच्यासाठीच तर तिनं दुपारपासून शब्द जपून ठेवले होते. "तुम्ही तर बोलूच नका. मंडीदीपला एक नट सैल निघाला तर आठवडाभर त्याची वंशावळ काढता तुम्ही. का झालं, कुठून आलं, कुणाच्या हातून गेलं. आणि डॉक्टरांनी पोरीच्या पोटाची वंशावळ विचारली, तेव्हा काय बघत होतात? यकृत!"

"आई बोलत होती. तिच्या तोंडावर तिला खोटी पाडू?"

"मग मला पाडलंत ना आज. मी सांगून आले अल्सर म्हणून. मला कुठं माहीत होतं?"

"मलाही वाटलं नव्हतं की इतकं…" त्याचा हात नकळत बरगड्यांखाली गेला होता. नलिनीनं तो बघितला. चौदा वर्षं ती तो हात बघत आली होती, आणि हा याचा बसण्याचा ढंग आहे असं समजत होती.

दारात स्वरदा उभी होती. कधीची, कुणास ठाऊक.

"मतलब मी नाटक करत नव्हते," ती म्हणाली.

ती एकेकाकडे वळली.

"आजी, तू म्हणायचीस परीक्षा आली की दुखतं. बाबा, तुम्ही मोबाईल म्हणायचात. आई, तू पण एकदा म्हणालीस, ऊठ, नखरे पुरे. याद आहे?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आणि तुम्हां दोघांना मनोहरकाकांचं माहीत होतं? पूरा टाइम?"

"बाळा, ये, घास घे," सासूबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते.

"नको. तू टेस्ट कर आधी. बाबांनी पण." आणि ती आत निघून गेली. दहीभात ताटात तसाच राहिला. तो टाकावा की झाकावा, हे त्या रात्री कुणालाच ठरवता आलं नाही.

औषधांचे दोन आठवडे वाईट गेले. तोंडाला सतत गंजलेल्या पत्र्याची चव, मळमळ, पोट बिघडलेलं. स्वरदा गोळ्या गिळायची, कधी ओकायची, तरी पुढची वेळ चुकवायची नाही. एकदा सासूबाई म्हणाल्या, "बंद करा गं, एवढी गरम औषधं पोरीला सोसवत नाहीत." नलिनीनं नुसतं वळून बघितलं. फळीवरची पितळी डबी नलिनीनं कधीच उचलून माळ्यावर टाकली होती. ती कुठं गेली, असं घरात कुणी विचारलंही नाही. एरवी तिखटाशिवाय न चालणाऱ्या घरात तिनं फिकं वरण आणि लौकीची भाजी लावली, आणि जितेंद्र निमूटपणे जेवला. तिला ते निमूटपण सहन होत नव्हतं. त्यानं भांडावं, असं तिला वाटायचं. चूक झाली म्हणावं, नाहीतर चूक नाही म्हणावं. काहीतरी म्हणावं.

जंतू गेला की नाही हे औषध संपल्यावर लगेच कळत नाही, थांबावं लागतं. सगळे थांबले. मग स्वरदानं दवाखान्यात श्वास तपासायच्या पिशवीत फुंकर घातली, आणि सक्सेना डॉक्टर पहिल्यांदाच दात दिसतील अशा हसल्या. जंतू गेला होता. "पण अस्तरावर लक्ष ठेवायचंय. पुढच्या वर्षी पुन्हा नळी. आणि त्याच्या पुढंही."

"चलेगा," स्वरदा म्हणाली.

मोठ्यांचे डॉक्टर शेजारच्या खोलीत होते. जितेंद्र आणि सासूबाई, दोघांचे नंबर त्याच दिवशी होते. बाहेरच्या बाकावर नेमक्या शोभाताई बसलेल्या, महाराष्ट्र मंडळातल्या. अर्ध्या भोपाळची लग्नं आपण जुळवली, असं त्या स्वतःच सांगत. "अगं बाई, सरोजताई! सगळे हरदास एकदम? काय झालं?"

"काही नाही हो," सासूबाई म्हणाल्या. "आमचं पोट तुम्हाला ठाऊकच आहे. ॲसिडिटी."

जितेंद्रचा नंबर आला. खोलीचं दार बंद होईना, माणसं त्याला रेलून उभी होती. नलिनी त्याच्या मागं उभी राहिली. डॉक्टर तरुण होते, मान वर न करता विचारत होते. दुखतं कधी, किती वर्षं, तंबाखू, दारू. मग तो प्रश्न आला.

जितेंद्रनं दाराकडे बघितलं. मग नलिनीकडे बघितलं. उत्तर तिच्याकडे आयतं होतं, ते ती दुपारच्या चहासारखं त्याच्यापुढं ठेवू शकली असती. तिनं ओठ मिटून घेतले.

"भाई को था," तो पुटपुटला.

"जी?"

"मोठ्यानं सांगा," नलिनी म्हणाली. "तेव्हाही ऐकू आलं नव्हतं."

"मेरे बड़े भाई को पेट का कैंसर था," जितेंद्र म्हणाला. या वेळी आवाज खोलीभर झाला आणि उघड्या दारातून बाहेर गेला. "अल्सर नहीं था. कैंसर था. बयालीस के थे."

"आपकी उम्र?"

"तैंतालीस."

डॉक्टरांनी आता मान वर केली.

नलिनी बाहेर आली तेव्हा शोभाताईंचं तोंड अर्धवट उघडं होतं. "सरोजताई, तुम्ही तर अल्सर म्हणाला होतात. सोनलच्या वेळी मी स्वतः त्या लोकांना…"

सासूबाईंनी सुनेकडे बघितलं. घरातलं काही उघडं पडलं की सून पदर घालते, तसं ती काहीतरी घालेल, असं त्या बघण्यात होतं. नलिनी स्वरदाच्या शेजारी जाऊन बसली. तिचा राग गेला नव्हता. तो इतक्या लवकर जाईल, असं तिला वाटतही नव्हतं.

"सरोज हरदास!" आतून हाक आली.

सासूबाई उठल्या, दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. "तू ये ना आत. मला त्यांचं हिंदी भरभर कळत नाही."

पन्नासहून जास्त वर्षं भोपाळात काढलेली बाई म्हणत होती हे.

"नाही, आई," नलिनी म्हणाली. "ते आत्ता तोच प्रश्न विचारतील. मुलगा तुमचा होता. तुम्हीच सांगा."

म्हातारी दाराची कड धरून क्षणभर उभी राहिली, मग आत गेली. रेललेला एक माणूस भल्याबुद्धीनं दार ओढून घ्यायला लागला.

"राहू द्या, भैया," स्वरदा म्हणाली. "खुला रहने दो."