नेस्टरच्या मापाची धार

मी धार लावणारे एक जुने यंत्र आहे. सुऱ्या-कात्र्यांना नव्हे हं मित्रांनो! बर्फावर हॉकी खेळणाऱ्यांच्या बुटांखाली जी पोलादी पाती असतात, त्यांना. विलो बेंड गावच्या रिंकमध्ये, म्हणजे बर्फाच्या बंदिस्त मैदानात, खेळाडूंच्या खोलीशेजारी माझी अंधारी खोली आहे. पोटात एक मोटर आणि वर एक खरखरीत दगडी चाक, एवढाच माझा संसार.

पूर्वेकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला आणि मालगाडीतून मी या सपाट गव्हाच्या मुलखात आले. तेव्हा मला चालवणाऱ्या ओरेस्टच्या डोक्यावर भरगच्च काळे केस होते. आज तो सत्तरी ओलांडून गेला आहे आणि सगळे गाव त्याला 'वुयको' म्हणते, म्हणजे युक्रेनी बोलीत मामा. माझ्यावर हात चालला तो फक्त त्याचाच.

पाते सुरीसारखे टोकदार असेल असे तुम्हाला वाटेल. तसे नसते. पात्याच्या तळाला लांबच लांब पन्हळ असते आणि धार असते ती पन्हळीच्या दोन्ही काठांना. पन्हळ खोल असली की पाते बर्फाला कडकडून चावते. वळायला, थांबायला ते बरे. उथळ असली की माणूस न अडखळता दूरवर घसरत जातो. हलका गडी खोल मागतो, भारी गडी उथळ. कोणाला किती, ते वुयको चिकटपट्टीवर लिहून माझ्या मागच्या भिंतीवर डकवायचा.

माणसांचे चेहरे मला फारसे कळत नाहीत. मी त्यांना पात्यांवरून ओळखते. नेस्टर मेल्निक आठ वर्षांचा असल्यापासून माझ्याकडे येत होता. बुटका, काटक पोरगा. त्याच्या पात्यांचे आतले काठ पुढच्या बाजूला इतके झिजत की मी चकित होई. जिथे दुसऱ्याला वळायला खळे लागे, तिथे त्याला परातीएवढी जागा पुरे. मोठ्या लीगचे संघ दर जूनमध्ये नवी मुले निवडून घेतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. नेस्टरला अठराव्या वर्षीच उचलले. आज तो एकवीस वर्षांचा आहे आणि दूरदूरच्या शहरांतली पोरे पाठीवर त्याचे नाव लिहून हिंडतात. एवढ्याशा गावातून एवढे नाव! अजूनही मला ते खरे वाटत नाही.

मग आला रीस ओल्सन. सतरा वर्षांचा, दारातून वाकून येणारा. आमच्या संघात खेळायला परगावाहून आलेली मुले गावातल्या घरी राहतात. रीसच्या वाट्याला आले मेल्निकांचे घर, आणि झोपायला नेस्टरचीच खोली. उशाशी नेस्टरचे चषक, भिंतीवर नेस्टरचे फोटो. नेस्टरची आई पाउलिना बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, म्हणजे वारेनिकी, मायेने वाढायची आणि वाढता वाढता म्हणायची, "खा रे पोटभर. माझा नेस्टर पंधरा वारेनिकी खायचा, तू नवातच हात धुतोस?" जेवणातसुद्धा तुलना!

रिंकच्या उपाहारगृहात तर धान्य कोठारावरचा फ्रेड रोज पंचायत भरवायचा.

"नेस्टरनं सतराव्या वर्षी एक्केचाळीस गोल मारले होते. ह्याचे किती? एकोणतीस."

"अरे, पण पोराची उंची बघ की!"

"उंची घेऊन काय छताचे दिवे बदलायचेत?"

रीस हे सगळे ऐकायचा आणि हसायचा. मात्र माझ्यासमोर पाती ठेवताना त्याचे हात गार असत.

जानेवारीत येणाऱ्या युक्रेनी नाताळच्या आठवड्यात, शनिवारी दुपारच्या सामन्याला मोठ्या संघांचे तीन पारखी येणार, अशी बातमी आली. रीसचा ड्राफ्ट त्या एका दुपारवर येऊन ठेपला. नेस्टरही तेव्हा घरी आला होता. खांदा दुखावल्याने त्याचा हात गळ्यात होता.

शनिवारी सकाळी रीस वुयकोकडे आला.

"वुयको, आज नेस्टरची पन्हळ पाडून द्या."

"तुझं माप भिंतीवर आहे की, पोरा."

"माझं नको. सगळे म्हणतात, नेस्टरसारखं वळता आलं तर पोराचं सोनं होईल. ते तिघं परत यायचे नाहीत, वुयको."

वुयकोने नाही म्हणायला हवे होते. कोणाला काय झेपते, हे त्याच्याइतके कोणाला कळत होते? पण एकाच हाताखालून दोन तारे निघावेत, हा मोह त्यालाही आवरला नाही. त्याने चाकाला नेस्टरचे माप दिले. ठिणग्या उडाल्या. पाते थरथरत होते आणि मला सगळे कळत होते. मित्रांनो, मला मोटर आहे, जीभ नाही.

सामना सुरू झाला. मला बर्फ दिसत नाही, पण दार उघडे असले की ऐकू येते. रीसची चाल मी कुठेही ओळखली असती. त्या दिवशी मात्र दर पावलाला खर्र, खर्र. पाते बर्फात रुतत होते. मग धाडकन आवाज झाला, माणूस कडेच्या फळीवर आदळल्याचा. थोड्या वेळाने पुन्हा तसाच. प्रेक्षकांतून फ्रेड ओरडला, "अरे, उभा तरी राहा!"

पहिला डाव संपताच नेस्टर रीसला दंडाला धरून घेऊन आला. त्याने एका हाताने बूट उलटा केला आणि काठावरून नख ओढले. नखाचा पांढरा पापुद्रा निघाला.

"वुयको, हे तर माझं माप!"

वुयको खाली बघत राहिला. "माझीच चूक."

"नाही, मीच मागितलं," रीस म्हणाला. "तुझ्यासारखं खेळायचं होतं."

"गाढवा! माझे पाय आखूड आहेत म्हणून मी वळतो. तुझे पाय असते ना, तर मी कशाला वळत बसलो असतो?"

दुसरा डाव सुरू व्हायला बारा मिनिटे होती. वुयकोने हिऱ्याच्या टोकाने माझे चाक पुन्हा घडवले आणि बूट चढवला. खोल पन्हळ पुसून उथळ पाडायची, तीही दोन्ही पायांची. माझी मोटर तापली, पट्टा घसरू लागला, जळका वास सुटला. "धीर धर गं म्हातारे, एवढी वेळ सांभाळ," वुयको पुटपुटला. मी सांभाळली. भोंगा वाजला तेव्हा रीस बुटाच्या दोऱ्या बांधतच धावत होता.

नेस्टर माझ्या दारातच उभा राहिला. थोड्या वेळाने एक पारखी जिना उतरून त्याच्याकडे आला.

"काय रे, हा पोरगा तुझ्यासारखा होईल का?"

"नाही," नेस्टर म्हणाला.

वुयकोच्या हातातला फडका गळून पडला.

"नाही म्हणजे नाहीच. पण तुम्ही जरा ऐका. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला मला वीस पावलं लागतात. ह्याची मोजा."

पारखी बर्फाकडे वळला. बर्फावर पाते टेकल्याचा एक दमदार आवाज आला आणि मग लांबलचक सळसळ. मग दुसरा. पुन्हा सळसळ. साऱ्या रिंकमधला गलका विरला. आयुष्यभर मी हजारो पाती घासली, पण बर्फ एखाद्याला असा आपणहून वाट देतो, हे मला ठाऊक नव्हते. पारख्याचे ओठ हलत होते. तो आठवर थांबला आणि तेवढ्यात गोलाचा जल्लोष उठला.

"मला हे कधीच जमलं नाही," नेस्टर हळूच म्हणाला. "जन्मात जमणार नाही. माझ्याशी ताडून बघाल तर हे तुम्हाला दिसायचंच नाही."

पारख्याने वहीतले आधी लिहिलेले पान फाडले आणि नव्या पानावर लिहू लागला.

जूनमध्ये रीसची निवड झाली, चौथ्या फेरीत. पुढे तो किती मोठा होईल, कोण जाणे! नेस्टरने करून दाखवले आहे, रीसला अजून दाखवायचे आहे. आता इथे बटणे दाबली की चालणारे नवे यंत्र आले आहे आणि माझ्यावर आच्छादन पडलेले असते. त्याची मला खंत नाही.

पण मित्रांनो, कोणी तुम्हाला थोरल्या भावाच्या किंवा शेजारच्या हुशार मुलीच्या मापाने घासू लागले, तर माझ्यासारखे मुके राहू नका. तुम्हाला तोंड आहे, बोला. आणि तुम्ही मोठे झालात, धार लावणारे हात तुमचे झाले, तर चाक फिरवण्याआधी क्षणभर थांबा. त्या संध्याकाळी वुयकोने माझ्या पायाशी पडलेले पोलाद झाडून गोळा केले. रीसच्या पात्यांचेच होते ते. एकदा नेस्टर होण्यासाठी झिजलेले, आणि एकदा पुन्हा रीस होण्यासाठी. मूठभर काळी भुकटी. वुयको बराच वेळ ती हातात घेऊन उभा राहिला, कारण ती परत पात्याला लावता येत नाही.