तिसऱ्या गिअरच्या पुढे

मित्रांनो, माझ्या मागच्या काचेवर मोठ्या लाल अक्षरांत 'शिकाऊ' असं लिहिलेलं आहे, पण त्यावर जाऊ नका. शिकाऊ असतो तो माझ्या स्टिअरिंगवर बसलेला माणूस. मी चांगली जुनी, मुरलेली गाडी आहे.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझा निळा रंग नुसता चमकत होता. गाडी शिकवणाऱ्या एका बाईंनी मला घेतलं आणि शेजारच्या सीटपुढेही क्लच-ब्रेक बसवून घेतले. त्या तिथे बसायच्या आणि निम्मं गाव माझ्यावर हात साफ करून घ्यायचं. कुणी मला कुंपणात घातलं, कुणी भर चौकात बंद पाडलं. मी कधी कुरकुर केली नाही. नवशिका पहिल्यांदा गाडी नीट उभी करून घाम पुसत हसला की मलाच शाबासकी मिळाल्यासारखं वाटायचं.

पण शिकवणीची गाडी पळत नाही. गल्लीबोळांत पहिला गिअर, दुसरा, फार तर तिसरा. न पळणाऱ्या इंजिनात काजळी साठत जाते. बाई मला बाहेरून लख्ख ठेवायच्या, बॉनेट मात्र क्वचितच उघडायच्या. हळूहळू मी धूर सोडू लागले. आधी करडा, मग काळा.

अशात धूर तपासणीचा दिवस आला. तपासनीस निघाला बाईंचाच जुना विद्यार्थी. क्लच सोडताना हमखास हिसका द्यायचा, म्हणून बाई त्याला गचक्या म्हणायच्या. बाईंना पाहून त्याला फार आनंद झाला. मग त्याने माझ्या सायलेन्सरमध्ये यंत्राची नळी घातली आणि इंजिन चालू ठेवायला सांगितलं. मागच्या गाडीवाल्याने काचा वर केल्या. एकजण नाकावर रुमाल धरून पलीकडे गेला. यंत्रावरचे आकडे चढतच गेले, आणि गचक्याने खालमानेने सांगितलं की गाडी नापास आहे. दुरुस्त होईपर्यंत हिच्यावर शिकवता येणार नाही.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. ज्यांनी मला सांभाळलं, त्यांना त्यांच्याच विद्यार्थ्यासमोर मी मान खाली घालायला लावली होती.

काम संपवून गचक्या बाईंच्या घरी आला. हवेचा फिल्टर इतका तुंबला होता की उजेडापुढे धरूनही आरपार दिसेना. त्याने तो बदलला, प्लग बदलले, नवं ऑइल भरलं. आता हिला मोठ्या रस्त्यावर पळवा, इंजिन तापलं की उरलेली काजळी जळून जाईल, असं तो म्हणाला. बाईंनी किल्ली त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली नाही. तुमच्या हातची गाडी, तुम्हीच न्या, म्हणाला.

बाईंनी हात मागे घेतला आणि किल्ली मुठीत मिटली.

"मला नाही रे जमायचं," त्या हळूच म्हणाल्या. "शेजारी बसून बसून वर्षं गेली. मोठ्या रस्त्यावर शेवटची कधी चालवली तेही आठवत नाही. लोकांना शिकवते, आणि मलाच भीती वाटते."

मला वाटत होतं, लाज फक्त माझ्याच वाट्याला आली आहे.

गचक्या हसला नाही. बाईंच्या नेहमीच्या सीटवर जाऊन बसला आणि म्हणाला, "बसा बाई. ब्रेकवर माझा पाय आहे."

बाईंनी क्लच असा सोडला की मी हिसका खाऊन जागच्या जागी बंद पडले. त्यांचे कान लाल झाले. गचक्या मुद्दाम खिडकीबाहेर पाहत राहिला. दुसऱ्या खेपेला आम्ही निघालो. मोठ्या रस्त्यावर मागून एका ट्रकने हॉर्न दिला, तसे बाईंचे ओले तळवे माझ्या स्टिअरिंगवर घट्ट आवळले गेले. तरी त्या थांबल्या नाहीत. चौथा गिअर जरा कुरकुरतच पडला. मागे काळा लोट उठला, मग विरळ झाला, आणि शेवटी मागचा रस्ता स्वच्छ दिसू लागला.

दुसऱ्या तपासणीला गचक्याने मुद्दाम आपल्या सहकाऱ्याला उभं केलं, म्हणजे मेहरबानी केली असं कुणी म्हणायला नको. मी पास झाले, तेही काठावर. थंडीत सुरू होताना अजूनही थोडा धूर येतो आणि मी शरमते. पण आता आठवड्यातून एकदा, शेवटचा विद्यार्थी गेला की बाई स्वतः स्टिअरिंगवर बसतात आणि मला मोठ्या रस्त्यावर नेतात.

म्हणून सांगते मित्रांनो, दारातली जुनी गाडी वेळेवर तपासून घ्या, तिला अधूनमधून पळू द्या. आणि घरातलं कुणी मोठं माणूस 'मला जमत नाही' असं हळू आवाजात म्हणालं, तर हसू नका. शेजारी जाऊन बसा.