नातीचा पेनड्राइव्ह

छापखान्यात काम न्यायचा पेनड्राइव्ह आधी कोरा करायचा, नाहीतर मागचंच काम छापून येतं. म्हाताऱ्याने वर्षानुवर्षं हेच केलं. जित्याची खोड! मुलाने टपालाने पाठवलेला नातीच्या फोटोंचा पेनड्राइव्ह लावला आणि मेल्या हातांनी तोही पुसून टाकला.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "बाबा, पाहिलीत? कुणावर गेलीय?"

"तुझ्या आईवर. नाक अगदी तिचंच."

"ही म्हणते, नाक तुमचं."

"सुनेला सासऱ्याची खुशामत करावीच लागते."

मुलगा हसला. वर्षभर मागून मिळालेली भीक पुन्हा कोणत्या तोंडाने मागायची? म्हाताऱ्याने फोन ठेवला आणि न पाहिलेल्या चेहऱ्यावर बायकोचं नाक बसवू लागला. बसेना.