स्नायूंचा आकडा

गिऱ्हाइकं तिला माघारी 'काटेवाली' म्हणत आणि तिला ते माहीत होतं. पाठीवरच्या पिशवीत वजनाचा चपटा काचेचा काटा घालून ती घरोघरी आणि ऑफिसांतून हिंडायची. त्याच्यावर अनवाणी उभं राहिलं की एका तळव्यातून बारीक वीज अंगात शिरून दुसऱ्यातून बाहेर यायची आणि फोनवर आकडे उमटायचे: वजन एवढं, चरबी एवढी, स्नायू एवढे. भलेभले लोक त्या आकड्यांपुढे शाळेच्या निकालाला उभे असल्यासारखे उभे राहत. बँकेतले एक साहेब तर पोट आत ओढून, श्वास रोखून उभे राहायचे.

"साहेब, पोट सोडा," ती म्हणायची. "याला दिसत नाही आणि फारसं कळतही नाही. वीज पाण्यातून वाहते. अंगात पाणी साठलं तरी हा बिनदिक्कत स्नायू वाढले म्हणून सांगेल. आकडा चढला म्हणून हुरळून जायचं नाही."

हे ती इतक्यांदा सांगायची की बोलताना तिचं स्वतःचंही लक्ष नसायचं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, ही म्हण काही उगीच पडलेली नाही.

घरी बाबा होते. जन्मभर पायी टपाल वाटलेला माणूस. निवृत्त झाले तरी पायांचा तोरा कायम. त्यांच्या पोटात गाठ निघाली आणि बघता बघता अंग वाळत गेलं. सर्जन म्हणाले, "गाठ काढता येईल, पण या अंगाला ऑपरेशन झेपणार नाही. थोडे स्नायू येऊ देत, मग घेऊन या."

एवढं ऐकायचा अवकाश, पोरीने कंबर कसली. उकडलेली अंडी, दुधात कालवलेली पावडर, खुर्चीवरून उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. "मला काय कुस्तीला उतरवतेस?" म्हणून बाबा कुरकुर करत, पण करत सगळं. रोज सकाळी चहाच्या आधी ते काट्यावर उभे राहत आणि ती फोनकडे बघत राही. या आकड्यावर आपल्या बापाचा जीव टांगलाय, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सुरुवातीला आकडा हलेना. मग एकदाचा तो वर सरकला. पुढच्या आठवड्यात आणखी थोडा.

"बघा बाबा, वाढतायत," ती म्हणाली.

बाबांनी पायजमा गुडघ्यापर्यंत ओढून पोटऱ्या दाखवल्या. "टपालाचे पाय आहेत हे. खाल्ल्या अन्नाला जागतात." पोटऱ्या खरंच भरल्या होत्या. चपलेचा पट्टा त्यांनी सैल करून घेतला, तेव्हाही ती हसून म्हणाली, अंग धरताय.

छातीची हाडं मात्र होती तशीच वर आलेली होती. आंघोळीनंतर बाबांची पाठ पुसताना ती नजर टॉवेलवर ठेवायची. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत जे तिच्या चटकन ध्यानात आलं असतं, ते इथे आलं नाही. की आलं आणि तिने त्याला दारातूनच परत पाठवलं, देव जाणे. बुडत्याला काडीचा आधार असतो, आणि बुडता माणूस काडी पारखून घेत नाही.

शेवटी ती त्यांना सर्जनकडे घेऊन गेली. फोनवरचा चढता आलेख तिने टेबलावर ठेवला, पहिला नंबर आलेल्या पोरीने प्रगतिपुस्तक ठेवावं तसा. सर्जनांनी तो पाहिला आणि ते उठले. बाबांपुढे उकिडवे बसून त्यांनी पायजमा वर केला आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तेव्हा तिथे खळगा पडला होता, मळलेल्या कणकेत पडतो तसा. तो भरेना.

त्यांनी तोंड उघडायच्या आधीच तिला कळलं.

नर्सने बाबांना बाहेर नेऊन बसवलं. "हे पाणी आहे," सर्जन म्हणाले. "रक्तातली प्रथिनं फार उतरली की ते असं पायांत साठतं. स्नायू वाढले नाहीत, उलट गेलेत. आता ऑपरेशन नाही करता येणार."

"आधी आणलं असतं तर?"

"तेव्हाही बहुधा झेपलं नसतं."

ते तिची समजूत घालायला असं म्हणाले असतील. पण त्या 'बहुधा'तून आता तिची जन्मभर सुटका नव्हती.

टॅक्सीत बाबांनी विचारलं, "तारीख दिली?"

"नाही."

"देणार आहेत?"

खोटं बोलणं सोपं होतं. इतके दिवस काट्याने तेच केलं होतं आणि तिने त्याला करू दिलं होतं. "नाही देणार, बाबा. ते पाणी होतं. मला कळायला हवं होतं. रोज लोकांना हेच तर सांगते मी."

"मलाही बरं वाटत होतं गं," बाबा म्हणाले. "तुला एकटीलाच नाही."

घरी आल्यावर ते पलंगाच्या कडेला बसले. ती खाली जमिनीवर बसली आणि त्यांचे पाय तिने मांडीवर घेतले. कातडी ताणून चकचकीत झाली होती आणि पाय जड लागत होते. रोज सकाळी ती हेच पाय काचेवर नीट ठेवायला सांगत होती, टाच इथे, बोटं इथे. हात मात्र एकदाही लावला नव्हता. लावला असता तर आकडा चढला त्याच दिवशी कळलं असतं. ती घोट्यापासून वर हलक्या हाताने चोळू लागली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"हात गार आहेत तुझे," बाबा म्हणाले.

"काढू?"

"राहू दे."