उजवा स्पीकर

वेन्डेलनं माइक छातीशी दाबला आणि दुसरा हात उंचावून गाणं मध्येच तोडलं. रोहेलिओची गिटार थांबली. ड्रमवर ग्लेनचे आणखी दोन ठोके पडले, मग तोही थांबला. रविवारी दुपारी भाड्यानं घेतलेल्या त्या माजी सैनिकांच्या हॉलमध्ये एकाएकी पंख्यांची घरघर ऐकू येऊ लागली.

"काय झालं?" रोहेलिओनं तारांवर तळवा ठेवत विचारलं.

वेन्डेलचं लक्ष समोर होतं. स्टेज जेमतेम गुडघाभर उंच. त्याला खेटून डोकी भादरलेल्या पोरांचं टोळकं, किनाऱ्यावरच्या हंटिंग्टन बीच गावाकडून आलेलं. 'निघ इथून! हे घर तुझं नाही!' ही ओळ पोरंही ओरडली आणि त्या सगळ्यांची बोटं एकदम उजव्या स्पीकरच्या दिशेनं ताणली गेली. स्पीकरला टेकून लिएन उभी होती. त्यांच्या बँडच्या प्रत्येक कार्यक्रमाला ती यायची आणि तिथंच उभी राहायची. अख्ख्या हॉलमध्ये व्हिएतनामी अशी ती एकटीच.

"हे गाणं तिच्याबद्दल नाहीये," वेन्डेल माइकमध्ये म्हणाला. "कळलं? ज्याला तसं वाटत असेल त्यानं चालतं व्हायचं."

सगळ्या माना स्पीकरकडे वळल्या. लिएननं आधी मागे वळून पाहिलं, कुणाबद्दल चाललंय म्हणून. मागे भिंत होती. मग तिनं जमिनीवरचं जाकीट उचललं आणि दाराकडे निघाली. लोक बाजूला झाले, अगदी अदबीनं. एरवी त्या हॉलमध्ये कोपर खुपसल्याशिवाय कुणी कुणाला वाट देत नसे.

"पाद्री झालास काय रे?" रोहेलिओ वेन्डेलच्या कानाशी पुटपुटला. "पोरं बोटं दाखवतातच. नेहमीचंच आहे."

"तिच्याकडे दाखवत होते."

"माझ्याकडे दाखवत होते, गाढवा. मी तिथंच तर उभा होतो. आणि मी मेक्सिकन आहे. मग माझ्यासाठीही थांबव की एखादं गाणं!"

वेन्डेलनं पाहिलं. रोहेलिओची जागा खरंच त्या पोरांच्या आणि स्पीकरच्या मध्ये होती. टोळक्यातल्या एकानं त्याच्याकडे बघून खांदे उडवले. तो चिडला होता की त्याला खरंच काही कळलं नव्हतं, हे त्या चेहऱ्यावरून सांगता येईना.

"पाच मिनिटं," असं म्हणून वेन्डेल खाली उतरला.

बाहेर पार्किंगमध्ये डोळे दिपवणारं ऊन होतं. लिएन आपल्या जुन्या डॅटसनच्या बॉनेटवर बसून बुटाची नाडी बांधत होती.

"सॉरी," तो म्हणाला.

"कशाबद्दल?"

"त्या पोरांबद्दल."

"त्यांच्या मनात काय होतं, मला ठाऊक नाही," ती मान वर न करता म्हणाली. "तुझ्या मनात काय होतं, ते मात्र सगळ्यांनी ऐकलं."

"मी तर तुझ्या बाजूनं..."

"आत शंभर माणसं होती, वेन्डेल. 'हे घर तुझं नाही' म्हटल्यावर तुला त्यातली एकच दिसली."

घसा गाण्यानं आधीच सोलून निघाला होता. तो शेजारच्या गाडीला टेकला आणि पत्रा तापलेला म्हणून लगेच सरळ झाला.

"ते वाक्य माझ्या सावत्र बापाचं आहे," तो शेवटी म्हणाला. "माझी गादी अंगणात फेकून देताना म्हणाला होता. मी गाण्यात त्याची नक्कल करतो. आवाजही त्याचाच काढतो. म्हणून ती पोरं ते इतक्या आनंदानं म्हणायला लागली तेव्हा मला कसंतरीच झालं."

लिएन त्याच्याकडे बघत राहिली. नाडीची गाठ तशीच अर्धवट राहिली.

"नक्कल?" ती म्हणाली. "मला वाटायचं, तू कुणाला तरी वाचवतोयस."

"म्हणजे?"

"युद्धात सायगॉन सोडलं तेव्हा आजोबा घराबाहेर पडेनात. पलंगाचा पाय धरून बसले. गाडी खाली उभी. आईनं जन्मात कधी सासऱ्यापुढे मान वर केली नव्हती. त्या दिवशी ओरडली, 'निघा इथून! हे घर आता आपलं नाही!' इतकी ओरडली की पुढे आठवडाभर तिचा आवाज गेला होता." तिनं नाडी ओढून घट्ट केली. "तुझा आवाज अगदी तसाच येतो. म्हणून तर मी येते."

सावत्र बापाचा तांबडालाल चेहरा वेन्डेलच्या डोळ्यांसमोर आला आणि त्या चेहऱ्याच्या तोंडी एका घाबरलेल्या बाईची हाक काही केल्या बसेना.

"आई आता कुठे असते?" त्यानं विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

"इथंच जवळ, वेस्टमिन्स्टरला. भाजीचं दुकान आहे. मी तिथं तुमची कॅसेट लावली होती एकदा. म्हणाली, या पोराला आधी कोमट पाणी द्या."

तो हसला. ती हसली नाही. बॉनेटवरून उतरून तिनं जाकीट गाडीत टाकलं.

"ते गाणं पूर्ण कर," ती म्हणाली. "आणि माझ्याकडे बघू नकोस."

ती आत गेली. थोडं थांबून तोही गेला. रोहेलिओनं भुवया उंचावल्या. वेन्डेलनं नुसती मान हलवली आणि गाणं पहिल्यापासून सुरू झालं.

ती ओळ आली तेव्हा त्यानं नजर आपल्या बुटांवर रोवून ठेवली. समोरून सगळा हॉल त्याच्याबरोबर ओरडत होता. कोण कुणाला म्हणत होतं, कुणाची बोटं कुठे होती, त्याला दिसलं नाही. स्वतःच्या गळ्यातून निघालेला आवाज त्याला ओळखीचा वाटला नाही.

गाणं संपलं तेव्हा त्यानं वर पाहिलं. स्पीकरपाशी कुणी नव्हतं. लिएन खाली, एकमेकांना धडका देत नाचणाऱ्या गर्दीच्या मधोमध होती, त्याच भादरलेल्या डोक्यांमध्ये. केस कपाळाला चिकटलेले, ओठ फुटलेला. एका पोरानं तिचा दंड धरला होता. पडताना सावरायला धरला होता, की आणखी कशासाठी, ते त्याला कळेना. माइक तोंडाशी धरून तो तिच्याकडे बघत उभा राहिला. मग आठवलं, बघायचं नव्हतं.

मागून ग्लेननं पुढच्या गाण्याचे चार ठोके दिले.