अर्मांच्या तळघराचा वास

ज्या हॉटेलात जेवणाच्या आधी जेवणाचं वर्णन येतं, तिथे मी पाय ठेवत नाही. चौकोनी बशी, त्यात फेसाचा ठिपका, आणि तो फेस कशाचा हे सांगायला शेजारी उभा असलेला वाढपी. अरे बाबा, खाऊ दे की. मी वाइनची दलाल आहे. मळेवाल्यांची वाइन चाखायची आणि व्यापाऱ्याशी त्यांची गाठ घालून द्यायची, यात माझा जन्म गेला. जीभ इतकी आगाऊ झालीय की कुणी विचारो न विचारो, माझं मत तयार असतं.

म्हणून मी जेवते ती बेर्नादेतकडे. नदीकाठची खानावळ, मोजकी टेबलं, फळ्यावर त्या दिवशीचा एकच बेत. बदक ती जास्त शिजवते. मी दर खेपेला सांगते, आणि ती दर खेपेला म्हणते, "मग घरी शिजव."

त्या दुपारी येवेत माझ्या आधीच येऊन बसली होती. शनिवारी तिच्या मुलीचं, मायलिसचं लग्न होतं. लग्नघरच्या बाईच्या तोंडावर कळा असते म्हणतात, येवेतचा चेहरा मात्र अर्मां गेल्यापासून उतरला तो उतरलाच. अर्मां म्हणजे तिचा नवरा. मागच्या हिवाळ्यात मळ्यात वेल छाटता छाटता गेला, हातात कात्री तशीच.

त्याची वाइन काळीकुट्ट आणि कडक, अगदी त्याच्यासारखी. चुकलं तर मी तोंडावर सांगायची, "द्राक्षं तोडायची घाई केलीस, आता भोग." मग त्याचा फोन बंद. पुन्हा सुरू झाला की आधी शिवी, मग "ये, दुसरं पिंप चाख." तसा माणूस आता मला मिळायचा नाही.

येवेतने पिशवीतून दोन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. वर खडूने नुसतं 'अर्मां' लिहिलेलं.

"त्याच्या शेवटच्या हंगामाची," ती म्हणाली. "तो गेला तेव्हा पिंपातच होती. होणाऱ्या जावयाने बाटल्यांत भरली. शनिवारी सगळ्या टेबलांवर हीच मांडायची, बापाची वाइन लेकीच्या लग्नात. अख्खं खोरं जेवायला येणार, सगळे मळेवाले. त्याआधी तू चाख, रोझलीन. तू त्याच्याशी कधी गोड बोलली नाहीस, म्हणून तुलाच विचारते."

बेर्नादेतने बूच काढलं, माझ्या पेल्यात ओतली. मी नाकाशी नेली. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास. कुबट, ओला. द्राक्षाचा मागमूस नाही.

"बूच लागलंय," मी म्हणाले. "होतं कधीकधी. बूच खराब निघालं की बाटली जाते. दुसरी उघडू."

दुसरीतही तेच.

बूच लागलं तर एखादी बाटली जाते. लागोपाठ दोन्ही गेल्या तर दुखणं बुचात नसतं, तळघरात असतं. पण अर्मांचं तळघर? वाइनला वास लागेल म्हणून तिथे तो साबणसुद्धा नेऊ द्यायचा नाही.

बेर्नादेतने लसणाच्या सुपाचे वाडगे आणून ठेवले. मी सहज विचारावं तसं विचारलं, "काय गं, तळघर तसंच आहे ना त्याचं?"

"तसंच कसं राहील?" येवेत म्हणाली. आज पहिल्यांदा तिच्या आवाजात जरा जीव आला. "मातीच्या दिवशी लोक खाली उतरून त्याच्या पिंपातली प्यायले ना. तू तेव्हा खुबा मोडून दवाखान्यात. आपल्यात रीतच आहे ती. मी आदल्या दिवशी खाली गेले, तर काय ती अवस्था! भिंतींना बुरशी, तुळयांना जाळी. एवढ्या वर्षांत त्याने मला कधी पायरी उतरू दिली नव्हती, आणि मला तरी टपाल वाटण्यातून वेळ कुठे? मी म्हटलं, लोक काय म्हणतील, बायकोने नवऱ्याची एवढी जागा झाडली नाही. बादल्याच्या बादल्या ब्लीच ओतलं. भिंती, तुळया, पिंपं बाहेरून, सगळं घासलं. रडत होते आणि घासत होते. कसं लख्ख केलं म्हणून सांगू."

माझा चमचा वाडग्यातच राहिला. ब्लीच, लाकूड आणि बुरशी एकत्र आली की हाच वास धरतो, आणि एकदा धरला की पिंपातल्या वाइनमध्येही उतरतो. आमच्याकडे कुठलाही मळेवाला तळघरात ब्लीच नेत नाही. इतकं ठाऊक की अर्मांला ते बायकोला सांगायचं सुचलंच नसणार. मातीच्या दिवशी एखाद्या शहाण्याला ब्लीचचा वास आलाही असेल, पण मयताच्या घरी कोण बोलतं?

"बोल की," येवेत म्हणाली. "कशी आहे?"

शनिवारी ही टेबलावर गेली असती तर पहिल्याच घोटाला खोऱ्यातल्या प्रत्येकाने पेला खाली ठेवला असता. अर्मांने जाता जाता घाण करून ठेवली, म्हणाले असते. आणि खरं सांगावं, तर हिने ज्या हातांनी रडत रडत घासलं, त्याच हातांनी त्याची शेवटची वाइन मारली, हे ऐकून ही बाई जगली कशी असती?

जन्मात गोड बोलले नव्हते मी.

"वाइन त्याची उत्तमच होती," मी म्हणाले. "बुचं दगाबाज निघाली. सगळी खेपच. लग्नात मांडू नकोस."

"म्हणजे त्याची चूक नाही?"

"नाही."

"जावयाची?"

"नाही गं. कुणाचीच नाही."

तिने मान हलवली. मग आमच्याकडच्या जुन्या रीतीने वाडग्याच्या तळाशी उरलेल्या सुपात बाटलीतली वाइन ओतली, वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि तोंडाला लावला. अर्मां असंच प्यायचा. चांगल्या वाइनचं वाटोळं करतोस, म्हणून मी त्याच्यावर खेकसायची.

येवेतने वाडगा खाली ठेवला. डोळे भरले होते.

"तुला वाईट वाटते ना ही?" ती म्हणाली. "मला नाही वाटत. तो वर जेवायला यायचा तेव्हा त्याच्या सदऱ्याला हाच वास असायचा. सदरे मी धुऊन टाकले. मला वाटलं होतं, गेला हा वास."

तळघरातल्या बुरशीचा कुबट वास आणि हा, तिच्या नाकाला दोन्ही एकच. माझा पेला तसाच भरलेला होता. मी तो माझ्या वाडग्यात रिकामा केला आणि प्यायले. भयंकर होती. सगळी प्यायले.

"उरलेल्या बाटल्या घरी ठेवते मग," ती म्हणाली. "माझ्यापुरत्या."

"ठेव."

बेर्नादेत बदक घेऊन आली. येवेतने डोळे पुसले, सुरी उचलली.

"उद्या पुन्हा एकदा तळघर घासून घेते. सुगीला जावई तिथे काम सुरू करणार. त्याला स्वच्छ मिळायला हवं. ब्लीच घरात आहेच."

"येवेत," मी म्हणाले, "ब्लीच नको. गरम पाण्याने धू फक्त."

"का गं?"

"त्याचा वास जाईल."

तिने सुरी खाली ठेवली.

"खरंच," ती म्हणाली. "हे माझ्या लक्षातच आलं नाही."