हळकुंडांचा डबा

श्यामसुंदरने जमिनीवर पसरलेल्या वर्तमानपत्रांवर पाठ टेकली, खांद्यांपर्यंत गाडीखाली सरकला आणि उजवा हात बाहेर काढून पंजा उघडला.

"चौदाचा."

हेमाने चौदाचा पाना त्या पंजात ठेवला. पंजा मिटला आणि आत गेला. लोखंडावरून लोखंड घसरल्याचा आवाज आला, मग त्याचा श्वास, आणि मग काहीच नाही.

"मिळाला का बोल्ट?"

"बोल्ट कुठे जातोय? माझा हात पोचायला हवा."

गाडीचे तोंड जॅकवर उचलले होते आणि दोन्ही बाजूंना लोखंडी टेकू होते. टेकू लावल्यावर त्याने ते हलवून पाहिले होते. थोड्या वेळाने, जणू पाहिलेच नव्हते, तसे पुन्हा हलवून पाहिले. रविवार होता. नारायण पेठेतल्या त्या इमारतीचे पार्किंग अरुंद होते, आणि वर्तमानपत्रे, पान्यांची पेटी आणि जुनी स्टार्टर मोटर यांनी त्यातली निम्मी जागा व्यापली होती. जुनी मोटर त्याने नुकतीच काढली होती. आता नवी बसवायची होती.

दुसऱ्या मजल्यावरची पूर्णिमा खाली आली आणि आपल्या स्कूटरपाशी थबकली.

"काका, प्रदर्शन आणखी किती दिवस आहे?"

"तिकीट काढलंस का?" गाडीखालून आवाज आला.

"गॅरेजवाल्याला बोलवा की. तासाभरात करून जाईल."

"तासाभरात करतो, म्हणूनच बोलावत नाही."

पूर्णिमा हसली. हेमाने वर्तमानपत्राची कडा दुमडून वाट करून दिली. स्कूटर बाहेर पडली. गॅरेजवाल्याचे नाव निघाल्यावर हेमाने तळहात पदराला पुसला.

"बॅटरी नवी आहे," गाडीखालून श्यामसुंदर सांगू लागला. "टर्मिनल घासली. अर्थची वायर बघितली. मग राहिलं काय? मोटर."

आठवडाभर ती हे ऐकत होती. दात घासताना, जेवताना, अंथरुणावर आडवे झाल्यावर. प्रत्येक वेळी ती श्वास रोखून शेवटापर्यंत थांबायची. बॅटरी, टर्मिनल, अर्थ, मोटर. या चारांत एक पाचवी गोष्ट असायला हवी होती. चिंचवडच्या कारखान्यात सगळी नोकरी टूलरूममध्ये काढलेल्या माणसाने ती सर्वांत आधी तपासली असती. ती त्याच्या तोंडी एकदाही आली नाही.

पाचवी गोष्ट वर स्वयंपाकघरात होती. काडेपेटीहून लहान, काळा, चौकोनी ठोकळा, खाली चार पितळी पाय. त्याला रिले म्हणतात आणि तो नसला तर गाडी सुरू होत नाही, हेही हेमाला आठवड्यापूर्वी माहीत नव्हते. श्यामसुंदर दुपारी झोपला असताना बंगळुरूहून आमोदने फोनचा कॅमेरा धरायला लावून तिला दाखवले होते. "आई, बॉनेट उघड. तो काळा डबा. झाकणाच्या आत चित्र आहे बघ. हा, हाच. ओढ वर." तिने ओढला आणि हळकुंडांच्या डब्यात, तळाशी, घालून ठेवला. त्या डब्याला श्यामसुंदर जन्मात हात लावणार नव्हता.

कारण शाळेसमोर घडले होते. हेमा त्याच्या शेजारीच बसली होती. मुले सुटली होती. समोर रिक्षा थांबली, श्यामसुंदरने पाय दाबला आणि गाडी थांबण्याऐवजी उसळून फुटपाथवर चढली. एका मुलीची पाण्याची बाटली चाकाखाली फुटली. मुलगी बाटलीपासून हातभर अंतरावर उभी होती, रडतसुद्धा नव्हती, फक्त ओल्या झालेल्या बुटांकडे पाहत होती. संध्याकाळी श्यामसुंदर पार्किंगमधून वर आला आणि म्हणाला, "अगं, आपला बंपर कुणी ठोकला?"

किल्ली लपवून झाली होती. त्याने दुसरी करून आणली. समजावून झाले होते. तो म्हणाला होता, "डॉक्टर मला घड्याळाचं चित्र काढायला सांगतो. काटे चुकले म्हणे. मोटर काढून बसवता येते का, ते विचार म्हणावं." मग गाडी बंद पडली, आणि हेमाला वाटले, सुटलो. मोडकी गाडी पाहून तो वैतागेल, कंटाळेल, एक दिवस विसरेल.

तो विसरला नाही. शनिवारी तो तिला घेऊन नाना पेठेत गेला आणि नवी मोटर घेऊन आला. आज सकाळी चहा पिताना कप खाली ठेवून म्हणाला, "हेमा, ही मोटर बसली आणि गाडी सुरू झाली, तर माझं डोकं जागेवर आहे. नाही झाली, तर तुम्ही मायलेक म्हणता ते खरं. मग मी वाद घालणार नाही."

बोल्ट बसले. वायरी लागल्या. श्यामसुंदर बाहेर आला तेव्हा केसांत धूळ होती आणि कोपर सोलवटले होते. पण चेहरा असा होता, की हेमाने मान फिरवली. कारखान्यातून कधीकधी तो हा चेहरा घेऊन घरी यायचा. त्याने टेकू काढले, गाडी खाली घेतली, बॅटरीची काळी वायर जोडली. गाडीत बसला. दार लावले नाही. किल्ली फिरवली.

दिवे लागले. काटे हलले. इंजिन ढिम्म.

त्याने किल्ली मागे घेतली, पुन्हा फिरवली. पुन्हा. मग उतरला आणि सगळे बोल्ट आणि वायरी एकेक करून चाचपल्या.

"बॅटरी नवी आहे," तो म्हणाला. "टर्मिनल घासली. अर्थ बघितली. मोटर..." पुढे काहीतरी आहे हे त्याला कळत होते. ओठ हलत होते. त्याने डोळे मिटले, उजव्या हाताची बोटे अंगठ्याशी घासली, जणू तो शब्द चिमटीत येणार होता. "मोटर," तो पुन्हा म्हणाला.

"अहो, आता जेवायला चला. मग बघू."

"थांब."

त्याने जुनी मोटर बॅटरीजवळ ओढली, चपलेखाली दाबून धरली आणि जाड केबलींनी बॅटरीला जोडली. ठिणगी उडाली. मोटर पायाखाली उसळली आणि करकरत फिरू लागली. जोरात, स्वच्छ, एका लयीत.

त्याने केबल काढली. मोटर फिरत फिरत थांबली.

"ही चांगली आहे," तो म्हणाला.

हेमाने जिन्याकडे पाहिले.

"जुनी चांगली होती. चांगली मोटर मी काढून टाकली. काढल्यावर आधी हे बघायचं असतं. पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो मी हे." त्याने पालथ्या बादलीवर बसकण मारली. ग्रीसने माखलेले हात गुडघ्यांवर उताणे ठेवले. "जुनी फिरते. नवी आहे. म्हणजे बिघाड गाडीत नाही."

"अहो, असं काही नसतं."

"किल्ल्या घे. एक गाडीत आहे. तिसरी पुस्तकांच्या कपाटात आहे." त्याने मान वर केली नाही. "बाहेरच्या दाराला वरची कडी लावत जा. मी कुठे गेलो तर..." तो थांबला. मग हळू, पत्ता विचारावा तसे, म्हणाला, "हेमा, मी टूलरूममध्येच होतो ना?"

तिला आधी प्रश्न कळलाच नाही. कळला तेव्हा तिने भिंतीला हात टेकला.

"होता. छत्तीस वर्षं."

"नाही, मला आठवतंय. पण आठवतंय ते खरं आहे का, हे विचारतोय."

तो उठला आणि हात धुवायला मागच्या नळाकडे गेला. पाण्याचा आवाज सुरू झाला. हेमाने जिन्याचा कठडा धरला आणि वर गेली.

स्वयंपाकघरात तिने फोन लावला तेव्हा आमोद कुठेतरी बाहेर जेवत होता. मागे भांड्यांचा आवाज होता.

"आई, परत लावू नकोस हं. एकदा चालू झाली की बाबा थांबणार नाहीत."

"ते विचारतायत, मी टूलरूममध्येच होतो ना."

पलीकडे भांडी वाजत राहिली.

"आई, ती मुलगी आठव."

"रोज आठवते."

"मग?"

"मग काही नाही. तू जेव."

तिने डबा खाली काढला, हळकुंडे ओट्यावर ओतली. रिले पिवळा झाला होता. तिने तो पदराने घाईघाईने पुसला, मुठीत धरला आणि ओटा तसाच टाकून खाली आली. किल्ली गाडीतच होती. गाडी सुरू झाल्यावर त्याच्या हाती किल्ली द्यायची नाही, एवढेच तिने ठरवले होते. कशी द्यायची नाही, हे ठरवले नव्हते.

नळ अजून वाहत होता. बॉनेट उघडेच होते. तिने काळ्या डब्याचे झाकण काढले. आत ओळीने बसलेल्या ठोकळ्यांमध्ये एक जागा रिकामी होती, पडलेल्या दातासारखी. कुणालाही दिसली असती. आठवडाभर तो या डब्यावर कोपर टेकून उभा राहिला होता. रिले एका बाजूने बसेना, तिने फिरवून दाबला. बसला. झाकण टक्कन मिटले आणि नळ बंद झाला.

श्यामसुंदर ओले हात झटकत आला.

"एकदा परत बघा," हेमा म्हणाली.

"काय बघू?"

"एकदाच."

त्याने तिच्याकडे पाहिले. मग गाडीकडे. "तू फिरव," तो म्हणाला. "मला नको."

ती चालकाच्या जागेवर बसली. इतक्या वर्षांत ती त्या जागी कधी बसली नव्हती. स्टिअरिंगचे चाक मांडीला लागत होते. उघड्या बॉनेटमुळे समोर काही दिसत नव्हते. बॉनेटच्या खालच्या फटीतून फक्त त्याचा शर्ट आणि गाडीच्या कडेवर टेकलेले दोन हात दिसत होते.

"गिअर न्यूट्रल आहे का बघ."

"कसं बघू?"

"दांडा हलव. सैल हलतो का?"

"हलतो."

"मग फिरव."

तिने किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकले आणि सुरू झाले.

सगळ्या पार्किंगमध्ये आवाज भरला. ते दोन हात जागचे हलले नाहीत. हेमा वाट पाहत होती, की तो ओरडेल, बॉनेट आपटेल, दार उघडून म्हणेल, सरक. तिने किल्लीवरची बोटे घट्ट केली. एक हात कडेवरून उचलला गेला आणि इंजिनावर ठेवला गेला, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. बराच वेळ तो तिथेच होता. मग उजवीकडे सरकला, काळ्या डब्यापाशी, आणि थबकला.

झाकणावर बोटाचा ठसा होता. पिवळा. तो तिला बसल्या जागेवरून दिसत नव्हता. तिने आपल्या अंगठ्याकडे पाहिले आणि मग कळले.

"बंद कर," तो म्हणाला.

तिने बंद केले. झाकण उघडल्याचा आवाज आला. मग काहीतरी उपटल्याचा. बॉनेट खाली आले आणि समोर तो उभा होता. तो वळसा घालून उघड्या दारापाशी आला. तळहातावर तो काळा ठोकळा होता.

"रिले," श्यामसुंदर म्हणाला.

हेमाने मान खाली घातली. आता तो काय बोलेल ते ऐकून घ्यायचे होते.

"रिले," तो पुन्हा म्हणाला, स्वतःशी. गर्दीत हरवलेले माणूस समोर यावे तसे त्याने ठोकळ्याकडे पाहिले. "बॅटरी, टर्मिनल, अर्थ, रिले. मोटर त्याच्यानंतर. मी मधलं गाळत होतो."

"मी काढला होता," ती म्हणाली. "शाळेसमोर तुम्ही..."

"बाटली फुटली होती ना कुणाची तरी?"

तिने होकारार्थी मान हलवली. त्याने रस्त्याकडे पाहिले. मग खिशातून रुमाल काढला आणि रिलेचे पितळी पाय पुसू लागला. एक पाय, दुसरा, तिसरा, चौथा. फटीत राहिलेली हळद रुमालाच्या टोकाने काढली. तिचा हात धरला, रिले तिच्या तळव्यावर ठेवला आणि तिची बोटे त्यावर मिटली.

"ओलसर जागी ठेवू नकोस," तो म्हणाला. "पाय गंजतात."

फाटकातून पूर्णिमाची स्कूटर आत आली. हँडलला भाजीची पिशवी होती.

"काका, कोपऱ्यापर्यंत आवाज आला. झाली वाटतं सुरू?"

"झाली."

"मग आता कुठे दौरा?"

श्यामसुंदर वाकला आणि वर्तमानपत्रावरचे पाने उचलून पेटीत लावू लागला, लहानापासून मोठ्यापर्यंत. चौदाच्या पान्याची जागा रिकामी राहिली. त्याने जमिनीवर शोधले, गाडीखाली वाकून पाहिले. हेमाने मिटल्या मुठीनेच त्याच्या पँटच्या खिशाकडे खूण केली. त्याने खिशातून पाना काढला आणि जागी ठेवला.

"विकायची आहे," तो पूर्णिमाला म्हणाला. "कुणी गिऱ्हाईक असेल तर बघ. मोटर नवीन आहे म्हणून सांग."

"आणि ही?" पूर्णिमाने जमिनीवरच्या जुन्या मोटरीकडे बोट दाखवले. "भंगारात?"

श्यामसुंदरने जुनी मोटर दोन्ही हातांनी उचलली, काखेला लावली आणि जिन्याची पहिली पायरी चढला.

"ही कुठेही जाणार नाही," तो म्हणाला. "ही चालते."